सुट्टी मिळाली, जागा कधी?

10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी मालकांच्या संघटनेने कामगारांना दर रविवारी सुट्टी देण्याचे कबूल केले. ही मेहेरबानी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, तेव्हाच साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले होते. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यातल्या मागण्या होत्या. पुढची सहा वर्षे लोखंडे ‘दीनबंधू’ या वृत्तपत्रातून आणि सभांमधून तेच मागत राहिले. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. दीड महिन्यात मालकांना नमते घ्यावे लागले.

कामगार चळवळीच्या इतिहासात ही तारीख सापडते. मुलाबाळांना घेऊन बागेत, जत्रेत किंवा समुद्रावर जाण्याच्या इतिहासात मात्र तिची आठवण कुणी काढत नाही, आणि खरे तर तो इतिहास तिथूनच सुरू होतो. मोकळा दिवसच नसेल तर बाग असून काय उपयोग? कुटुंबाच्या सहलीला तीन गोष्टी लागतात: मोकळा दिवस, जायला जागा आणि खिशाला झेपेल असा खर्च. यातला दिवस कामगारांनी लढून मिळवला. जागा संस्थानिकांनी आणि नगरपालिकांनी दिली. आज प्रश्न खर्चाचा आहे, आणि कडोदऱ्यासारख्या नव्या कामगार गावांत तर पहिल्या दोन गोष्टीही नव्याने मागाव्या लागत आहेत.

सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातले कडोदरा म्हणजे दोन मोठ्या रस्त्यांचा चौक. मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि धुळ्याहून नवापूर, सोनगढ, व्यारा, बारडोली करत सुरतेला येणारा महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. खानदेशातून निघालेली आपली एस.टी. सुरतेत शिरण्याआधी याच चार रस्त्यावर थांबते. धान्याच्या पिशव्या, लोणच्याची बरणी आणि झोपेतून उठवलेली पोरे घेऊन माणसे उतरतात आणि रिक्षा करून खोलीवर जातात. आजूबाजूला कापड रंगवण्याच्या आणि छपाईच्या गिरण्या आहेत, यंत्रमागांची खाती आहेत. खानदेशी माणसांच्या शेजारी ओडिशा, उत्तर प्रदेश आणि बिहारची माणसे राहतात. जवळच्या चलथाणला साखर कारखाना आहे. ऊस काकरापारच्या कालव्याच्या पाण्यावर वाढतो.

मराठी माणूस इथे काल-परवा आलेला नाही. सुरत ते अमळनेर ही ताप्ती व्हॅली रेल्वे 1900 च्या सुमारास पूर्ण झाली आणि चलथाणचे स्टेशन त्याच मार्गावर आहे. खानदेशातला कापूस त्या गाडीने सुरतेला जाऊ लागला आणि कापसाच्या मागोमाग माणूसही गेला. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागांत आज अहिराणी ऐकू येते. श्रावणात कानबाईची स्थापना होते, रोट होतात, वाजतगाजत विसर्जन होते. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालवते. नाते याहूनही जुने आहे. पलसाणा हा बडोदे राज्याच्या नवसारी प्रांतातला महाल होता. गायकवाडांची पहिली गादी सोनगढच्या किल्ल्यावर होती आणि तो किल्ला धुळ्याच्या रस्त्यावर आजही उभा आहे.

या बडोदे राज्याकडूनच जागेच्या गोष्टीला सुरुवात करावी लागते. 1879 साली बडोद्यात विश्वामित्रीच्या काठी शंभराहून अधिक एकरांची एक बाग लोकांसाठी खुली झाली. लोक तिला कमाठी बाग म्हणतात आणि कागदोपत्री ती सयाजी बाग आहे. खानदेशच्या सीमेवरच्या कवळाणे गावातून दत्तक आलेले सयाजीराव तेव्हा अल्पवयीन होते आणि दिवाण टी. माधवराव कारभार पाहत होते. बागेबरोबर प्राणिसंग्रहालय आले, 1894 मध्ये वस्तुसंग्रहालय आले, पुढे मुलांची छोटी आगगाडीही आली. राजाच्या खासगी उद्यानात प्रजेला कधीमधी आत सोडण्याची पद्धत जुनीच होती. इथे बाग पहिल्यापासून प्रजेसाठीच होती, आणि हा फरक लहान नाही.

त्याआधी 1862 मध्ये मुंबईत भायखळ्याला राणीची बाग उघडली होती. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. या बागेचे मोठे भाग्य म्हणजे तिची जागा. लालबाग, परळ आणि भायखळा या गिरणगावाच्या अगदी उंबऱ्यावर ती होती. आठवडाभर मागावर उभ्या राहिलेल्या माणसाला रविवारी बायकोमुलांना घेऊन पायी किंवा ट्रामने तिथे जाता येई. हत्ती बघायचा, हिरवळीवर डबा सोडायचा आणि उन्हे कलल्यावर परतायचे. गावाकडून पाहुणा आला की त्यालाही राणीची बाग दाखवायची, हा गिरणगावाचा शिरस्ताच झाला होता.

पुण्याने हेच काम आपल्या पद्धतीने केले. सारसबागेशेजारी 1953 साली महापालिकेने पेशवे पार्क सुरू केले आणि 8 एप्रिल 1956 ला तिथे ‘फुलराणी’ धावू लागली. छोटे इंजिन, उघडे डबे आणि बागेभोवतीचा एक फेरा, एवढाच तिचा थाट. पुण्यातल्या कैक पिढ्यांनी आयुष्यातला पहिला आगगाडीचा प्रवास त्या फेऱ्यात केला. 1999 मध्ये प्राणी कात्रजला गेले तरी फुलराणी तिथेच राहिली. तिच्याकडून नफ्याची अपेक्षा महापालिकेने कधी ठेवली नव्हती. रस्ता आणि नळ जसे लोकांसाठी, तशीच मुलांची गाडीही लोकांसाठी, असा तो हिशेब होता.

हा विचार जगात त्याच्या कितीतरी आधी रुजला होता. 1847 मध्ये इंग्लंडात बर्कनहेड येथे लोकांच्या पैशातून आणि लोकांसाठीच एक उद्यान झाले. 1850 मध्ये ते पाहायला गेलेल्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची आखणी केली. दोन्हीकडे कारण एकच होते. कारखान्यांभोवती दाटीने वसलेल्या माणसांना श्वास घ्यायला जागा हवी होती, आणि ती ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडून चालणार नव्हते.

बागेच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे जत्रा होती. खानदेशात मार्गशीर्षात सारंगखेड्याला दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. वैशाखात अमळनेरला सखाराम महाराजांचा रथ निघतो. धुळ्याला एकवीरा देवीची यात्रा होते. देवदर्शन होते, खरेदी होते, लांबचे नातेवाईक भेटतात आणि शेवटी पोरांसाठी पाळणा. निघताना कागदाच्या पुड्यात गोडी शेव आणि जिलेबी बांधून घ्यायची. या सगळ्याला वेशीवर तिकीट नसते. आत जाणे फुकट आणि जे कराल त्याचे पैसे, हा जत्रेचा नियम आहे. ज्याच्या खिशात दहा रुपये आहेत तो एका पोराला एकदा पाळण्यात बसवतो. ज्याच्याकडे शंभर आहेत तो सगळ्यांना बसवतो. दोघेही जत्रेला आलेले असतात आणि दोघांच्याही मुलांनी जत्रा पाहिलेली असते. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी कडुलिंबाला झोका बांधतात, त्याला तर तेवढेही पैसे लागत नाहीत.

करमणुकीच्या उद्यानांनी हा नियम उलटा केला. 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले तेव्हा तिथेही जत्रेसारखीच पद्धत होती. दाराशी थोडे पैसे भरायचे आणि आत प्रत्येक खेळाचे वेगळे तिकीट घ्यायचे. 1982 मध्ये ती तिकिटे बंद झाली आणि एकच मोठे तिकीट काढून हवे तेवढे खेळ खेळायची पद्धत रूढ झाली. मुंबईत गोराईला 1989 मध्ये एस्सेल वर्ल्ड आले, 1998 मध्ये शेजारी वॉटर किंगडम आले, 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आले. तिथेही हीच पद्धत आली. दिवसभर सगळ्या खेळांवर धावणाऱ्या कॉलेजच्या मुलांना ती फायद्याची पडते. तीन पिढ्यांच्या घराला मात्र ती महाग पडते.

एका घराचा हिशेब मांडू. नवरा, बायको, दोन मुले आणि आजी. माणशी तिकीट हजाराच्या घरात असले तर दाराशीच पाच हजार गेले. सवलत मिळाली तर त्यातून थोडे वजा करा. पाण्याच्या उद्यानात नायलॉनचे कपडे सक्तीचे असतात. ते घरी नसतात, म्हणून भाड्याने घ्यायचे. सामान ठेवायला लॉकर, त्यावर अनामत. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही, त्यामुळे दुपारचे जेवण आतल्याच दराने. आजी साडीत असते, ती पाण्यात उतरत नाही. पिशव्या सांभाळत सावलीला बसते आणि नातवांचे चाललेले पाहते. तिचाही दिवस आनंदात जातो. पण तिच्या त्या बसण्याचे पैसे घसरगुंडीवरून दहा वेळा येणाऱ्या मुलाएवढेच, किंवा त्याहून थोडे कमी, लागलेले असतात. मग पुढच्या वेळी आजीला घरी ठेवले जाते. त्याच्या पुढच्या वेळी बाई म्हणते, “तुम्ही पोरांना घेऊन जा, मी राहते घरी.” कुटुंबाची सहल अशी एकेका माणसाने लहान होत जाते.

सुरतेहून कडोदऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर अमेझिया हे मोठे वॉटर पार्क उभे राहिले आणि पुढे ते इमॅजिकाच्या नावाने चालू लागले. ज्या मालपाणी समूहाने 2022 मध्ये इमॅजिका घेतली, तो आपल्या संगमनेरचा. अशी उद्याने होऊ नयेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दहावीच्या परीक्षेनंतर पाण्यात मनसोक्त खेळण्याचा आनंद कमी लेखण्यासारखा नाही, आणि आजूबाजूच्या शेकडो घरांना त्यातून रोजगार मिळतो. तिकीट महाग असण्यालाही कारणे आहेत. पाणी सतत गाळून शुद्ध ठेवावे लागते, प्रत्येक घसरगुंडीवर प्रशिक्षित जीवरक्षक उभा करावा लागतो, पंपांचे विजेचे बिल मोठे येते. कमाई मुख्यतः उन्हाळ्यात आणि सुट्ट्यांत होते, खर्च मात्र बारा महिने चालतो. शहराच्या कडेची जमीन तर दर वर्षी महाग होते.

यात सरकारच्या कराचाही वाटा आहे. जीएसटी आला तेव्हा करमणुकीच्या उद्यानांच्या तिकिटावर 28 टक्के कर होता. जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्के झाला. त्याच वेळी नाटक, नृत्य, संगीत यांच्या तिकिटांवरची करमाफीची मर्यादा माणशी 250 रुपयांवरून 500 रुपये करण्यात आली. प्राणिसंग्रहालय आणि वस्तुसंग्रहालय यांच्या प्रवेशाला करच नाही. म्हणजे सामान्य माणसाची स्वस्त करमणूक करमुक्त असावी हे तत्त्व सरकारने मान्य केलेले आहे. ते झोपाळ्या-पाळण्यांच्या आणि पाण्याच्या उद्यानांना लावलेले नाही, एवढेच. ठरावीक रकमेच्या आतले तिकीट इथेही करमुक्त केले, तर स्वस्त तिकीट ठेवणाऱ्या मालकाला प्रोत्साहन मिळेल आणि चैनीच्या तिकिटावरचा कर तसाच राहील. नाटकाला जे मिळते ते पाळण्याला का मिळू नये?

मात्र परवडण्याबद्दल बोलताना एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे. स्वस्ताई सुरक्षेतून काढता येत नाही. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागली आणि 27 जीव गेले, त्यांत लहान मुले होती. पत्र्याची शेड, आत ज्वालाग्राही माल, अग्निशमन दलाचा परवाना नाही. त्या शनिवारी 99 रुपयांच्या सवलतीच्या तिकिटामुळे गर्दी होती. त्याच वर्षी 18 जानेवारीला बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. त्याआधी जुलै 2019 मध्ये अहमदाबादला कांकरिया तलावाकाठचा मोठा झोपाळा तुटून पडला होता. सवलतीच्या तिकिटावर येणारा माणूस बहुधा पहिल्यांदाच आलेला असतो. कुठे काय धोका आहे हे त्याला कळणे शक्य नसते. त्याच्या वतीने ते पाहणे हे सरकारचे काम आहे. प्रत्येक पाळण्याची शेवटची तपासणी कधी झाली, कोणी केली आणि एका वेळी किती माणसे बसू शकतात, हे गुजराती, हिंदी आणि मराठीत दारावरच लावलेले असावे. हे अवघड नाही आणि त्याला फारसा खर्चही नाही.

आता पुन्हा दिवसाकडे येऊ. 1891 च्या कायद्याने आणि त्यानंतर 1948 च्या कारखाना अधिनियमाने आठवड्याची सुट्टी कायद्यात बसवली. यंत्रमागाच्या खात्यात मात्र बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात आणि मजुरी विणलेल्या मीटरवर मिळते. माग बंद राहिला की त्या दिवसाची कमाई बुडते. असा माणूस सुट्टी घेतो तेव्हा खरा खर्च दोन ठिकाणी करतो. एक मजुरी हातची जाते आणि वर सहलीचे पैसे जातात. म्हणून त्याच्या दृष्टीने सहलीची किंमत तिकिटावर छापलेल्या आकड्यापेक्षा नेहमीच जास्त असते. आठवड्याची सुट्टी पगारी असावी, ही मागणी करमणुकीच्या चर्चेत परकी वाटेल. ती तशी नाही. ती या चर्चेची पहिली अट आहे.

हे सारे असूनही कडोदऱ्याच्या माणसाच्या आवाक्यात पुष्कळ काही आहे, आणि ते मोलाचे आहे. बारडोलीचा स्वराज आश्रम एका बसच्या अंतरावर आहे. 1928 च्या सत्याग्रहात वल्लभभाई पटेलांनी तिथूनच शेतकऱ्यांचा लढा चालवला आणि लोकांनी त्यांना सरदार म्हटले. मुलांना तिथे नेऊन शेतकऱ्यांनी सारावाढ कशी परतवली हे सांगता येते. आश्रमाच्या झाडांखाली दुपार छान जाते. पुढे मांडवीकडे काकरापारचा बंधारा आहे. त्याच्या वरच्या अंगाला 1972 मध्ये पूर्ण झालेले उकाई धरण आहे. गावी जाता-येता सोनगढला उतरून किल्ला चढता येतो, आणि वरून तापीचे खोरे दिसते. सुरतेत सरथाण्याचे निसर्ग उद्यान आहे, महानगरपालिकेने ते 1984 मध्ये सुरू केले. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपी यांनी बांधलेला गोपी तलाव कित्येक वर्षे गाळात होता. महानगरपालिकेने तो पुन्हा लोकांच्या फिरण्याची जागा केला. डुमसला समुद्र आहे आणि गरम टोमॅटोची भजी आहेत. संध्याकाळी वाळूत बसून ती खाणारी माणसे गाडीतून आलेली असतात तशीच बसने आलेलीही असतात.

कडोदऱ्यापासून फार लांब नसलेले हरिपुरा गाव तर या बाबतीत आदर्शच आहे. फेब्रुवारी 1938 मध्ये तिथे तापीकाठी काँग्रेसचे अधिवेशन भरले, अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यासाठी उभारलेल्या विठ्ठलनगरात लावायला नंदलाल बोस यांनी शेकडो चित्रे तयार केली. त्यांत ढोल वाजवणारा होता, शिंपी होता, शेतकरी होता, धान्य कांडणारी बाई होती. ती कमानींवर आणि मंडपांत अशी लावली गेली की बैलगाडीतून आलेल्या खेडुताला ती येता-जाता दिसावीत. देशातल्या थोर चित्रकाराचे काम पाहायला तिकीट नव्हते आणि पायऱ्याही चढाव्या लागत नव्हत्या. उत्तम ते सर्वांसाठी, ही कल्पना याच मातीत एकदा प्रत्यक्ष उतरलेली आहे.

उणीव आहे ती कडोदऱ्याच्या आत. पाळीवरून सुटलेला माणूस रोज बारडोली किंवा डुमस गाठू शकत नाही. त्याला चालत जाण्याजोगी जागा हवी. 1994 च्या प्लेगनंतर सुरतेने स्वतःला कसे सावरले हे सर्वांना ठाऊक आहे. आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात कचरा आणि गटारे यांची शिस्त लागली, आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरबरोबर देशात पहिली आली. मनात आणले तर नगरपालिका काय करू शकते हे शेजारच्याच शहराने दाखवून दिले आहे. कडोदऱ्याला आता आपली नगरपालिका आहे, आणि आसपास नफ्यात चालणारे उद्योग आहेत. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. त्यातला काही वाटा गावातल्या एका चांगल्या बागेला गेला, तर त्या पैशाचा तो चांगला उपयोग ठरेल.

ही बाग कशी असावी हे कामगारांच्या घड्याळावरून ठरवले पाहिजे. पाळी रात्री आठला सुटत असेल तर साडेआठला कुलूप लागणारी बाग त्याच्या काही कामाची नाही. ती रात्री दहापर्यंत उघडी असावी आणि दिवे लख्ख असावेत, म्हणजे बायकाही निर्धास्त बसू शकतील. पिण्याचे पाणी आणि स्वच्छ संडास असावेत. लहान मुलांच्या आईला बागेत किती वेळ थांबता येईल हे त्यावरच ठरते. कारंज्यांपेक्षा सावलीची झाडे जास्त असावीत, कारण सुरतेकडे एप्रिलनंतर उघड्या बाकावर कुणी बसू शकत नाही. आणि डबा खायला बंदी नसावी. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा सोबत घेऊन निघालेल्या कुटुंबाचा निम्मा खर्च घरीच वाचलेला असतो.

खासगी उद्यानांकडूनही काही अपेक्षा करता येतात, आणि त्या त्यांच्या हिताच्याही आहेत. राणीच्या बागेने 2017 मध्ये दरवाढ केली. पाच रुपयांचे तिकीट पन्नास झाले आणि त्यावर टीका झाली. पण त्याच वेळी आई-वडील आणि दोन मुले मिळून शंभर रुपये असे कुटुंबाचे तिकीटही ठेवले गेले. माणसे न मोजता घर मोजण्याची ही रीत खासगी उद्यानांनी उचलावी. पाण्यात न उतरणाऱ्या आजी-आजोबांसाठी नाममात्र तिकीट ठेवावे. गिरण्यांची सुट्टी सगळीकडे रविवारीच येते असे नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी ही उद्याने अर्धी रिकामी असतात, त्या दिवशी कामगार कुटुंबांना दुपारनंतरचे स्वस्त तिकीट द्यायला काय हरकत आहे? रिकाम्या पाळण्याला वीज तेवढीच लागते.

येण्याजाण्याचा खर्चही कमी करता येतो. महाराष्ट्राच्या एस.टी.ने 1988 मध्ये ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही पास योजना सुरू केली. ठरावीक पैशांत ठरावीक दिवस कुठेही फिरा, असे तिचे साधे रूप. मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. त्यामुळे घरातल्या बाईने निघणे पुष्कळ सोपे झाले, हे कुठल्याही यात्रेच्या गर्दीत दिसते. सुट्टीच्या दिवशी कडोदरा चार रस्त्यावरून बारडोली, सरथाणा आणि डुमस इथे जाणाऱ्या-येणाऱ्या थेट बसगाड्या आणि दिवसभराचा एक कौटुंबिक पास एवढे केले, तरी कित्येक घरे बाहेर पडतील. रिक्षाचे भाडे हे तिकिटाइतकेच मोठे कुंपण आहे.

आनंदाचा दिवस ही चैन आहे, आधी घर, शाळा, दवाखाना पाहा, असे कुणी म्हणेल. ते आधी पाहावेतच. पण माणसाला आठवड्यातून एक दिवस विश्रांती लागते हे मान्य करायलाही मालकांना वर्षे लागली होती आणि तेव्हाही ती चैनच मानली गेली होती. ज्या घरात आई-वडील आळीपाळीने कामावर जातात, तिथे मुलांना दोघे एकत्र भेटतात ते बहुधा सुट्टीच्याच दिवशी. खोली दहा बाय दहाची असते. एकत्र बसायला, धावायला, मोठ्याने हसायला बाहेरची जागाच लागते. परक्या प्रांतात वाढणाऱ्या मुलाला हे गाव आपले वाटावे, अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी त्याला या गावात खेळायला जागा द्यावी.

कडोदरा नगरपालिकेचे पुढचे अंदाजपत्रक तयार होईल तेव्हा त्यात सार्वजनिक बागेसाठी जमीन, रक्कम आणि पूर्ण करण्याची मुदत या तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. आश्वासन पुरेसे नाही, आकडा हवा. तो मागण्याचे काम कडोदऱ्यातल्या खानदेशी, ओडिया, हिंदी आणि गुजराती घरांनी एकत्र करावे. बाग कुणा एका भाषेची नसते आणि या गावात कामही सगळे एकत्रच करतात.